व्याह्यांची मिशी

१० जानेवारी

कुरळे,

तुझ्या केसांना आशीर्वाद, आणि त्यांच्याखाली डोकं असेल तर त्यालाही.

पत्र मिळालं. पहिल्याच ओळीत तू माझी हजेरी घेतलीस. "बाबा फोनवर का येत नाहीत? कधीही केला तरी आई सांगते, आंघोळीला गेलेत. इतकी आंघोळ तर मासेसुद्धा करत नाहीत." आता काय सांगू? दिवसभर दुसऱ्यांचे केस अंगावर पडतात, ते धुऊन काढायला वेळ लागतो. शिवाय फोनवर बोललेलं वाऱ्यावर जातं. पत्र उशाशी ठेवता येतं, पुन्हा वाचता येतं. तू आपली लिहीत जा. अक्षर जरा मोठं काढ, एवढंच.

दुकान झकास चाललंय. बसायचा बाक उचलून मागच्या भिंतीला लावला, त्यामुळे थांबलेली सगळी मंडळी आता आरशात दिसतात. रेडिओ काढून टाकला. गिऱ्हाइकांना हल्ली शांतता लागते. आणि गंमत म्हणजे माझी ख्याती वाढली आहे. पोस्टमास्तर सगळीकडे सांगत फिरतात, "इतकं मन लावून ऐकणारा माणूस मी पाहिला नाही. बोलत असलो की याची नजर हलत नाही." खरंच आहे ते. त्यांची मान माझ्या हातात असते आणि माझी नजर आरशातल्या त्यांच्या तोंडावर. माणसाच्या मागे उभं राहायचं आणि तरी तो समोरून दिसायचा, असा दुसरा धंदा दाखव मला. माणसं खुर्चीत बसली की मान हलवत नाहीत, सावकाश बोलतात, सरळ पुढे बघून बोलतात. सगळ्यांनी सगळीकडे असंच बोलायला हवं. फक्त गालाला फेस लावला की मी त्यांना गप्प बसवतो. "हलू नका, कापेल," म्हणतो.

आता मुद्द्याचं. तुझा लंबू मला पसंत आहे. मागे तुझ्याबरोबर आला होता तेव्हा मी त्याचे केस कापले, तेव्हाच ठरवलं होतं. डोक्यावर दोन भोवरे आहेत त्याच्या. असे लोक हट्टी असतात, म्हणजे तुला पुरून उरेल. बोलतोही कसा, एकेक शब्द वेगळा, ओठ नीट उघडून. नकाशांच्या कचेरीत काम करणाऱ्या माणसाने असंच स्पष्ट असावं.

त्याचे आईवडील येत्या रविवारी बसने येणार, हे वाचून तुझी आई पडदे धुवायला लागली आहे. तू लिहितेस, लंबूचे बाबा आगीच्या बंबावरचे मोठे अधिकारी होते आणि आवाज असा की दोन गल्ल्या पलीकडे जातो. ते वाचून माझा जीव भांड्यात पडला. मोठ्याने बोलणारी माणसं मला हल्ली फार आवडतात.

तुझा,
कात्रीवाला बाप

१९ जानेवारी

कुरळे,

भेट झाली! आणि अशी झाली की विचारू नकोस.

पण आधी एक तक्रार. तू मिशीबद्दल काही कळवलं नव्हतंस. आवाजाबद्दल लिहिलंस, बंबाबद्दल लिहिलंस, आणि ती एवढी मोठी मिशी सांगायची विसरलीस? आयुष्य केसांत काढलं मी, पण असं काही पाहिलं नव्हतं. नाकाखालून जी सुरू होते ती थेट हनुवटीपर्यंत उतरते, मग दोन्हीकडे वळून गालांवर चढते. करडी, दाट, आडवी कात्री घातली तर कात्री हरवेल. त्या माणसाला ओठ आहेत की नाहीत हे त्यांच्या बायकोलाच ठाऊक. माझा हात शिवशिवत होता, पण आदरानेच. अशा मिशीला हात लावायचा तर आधी नमस्कार करावा लागेल.

तुझी आई आणि विहीणबाई स्वयंपाकघरात गेल्या आणि आम्ही दोघं बाहेर बसलो. ते खिडकीकडे पाठ करून बसले, त्यामुळे उजेड माझ्या डोळ्यांत आणि त्यांचा चेहरा सावलीत. पण गप्पा रंगल्या. म्हणजे ते बोलत होते आणि मिशी वर-खाली होत होती. आई नंतर म्हणाली की आत कपाटातल्या बशा किणकिणत होत्या. असा भारदस्त माणूस. मी मधूनमधून हसत होतो, मान हलवत होतो. शेवटी शेवटी त्यांनी पुढे वाकून दोन-तीनदा काही विचारलं. मी एकदाही फाटे फोडले नाहीत. "हो, हो, अगदी!" म्हणालो. व्याह्यांच्या शब्दाला पहिल्याच भेटीत नाही कशाला म्हणायचं?

मग ते उठले. विहीणबाईंना हाक मारली असावी, कारण त्या लगेच बाहेर आल्या. साधी माणसं बघ. आम्हाला त्रास नको म्हणून चहासुद्धा न घेता निघाली. मी फाटकापर्यंत सोडायला गेलो, हात हलवला, "या पुन्हा!" म्हणालो. त्यांनी मागे वळून पाहिलं ते मात्र जरा चमत्कारिक होतं. बसची घाई असेल.

तुझ्या आईचा चेहरा तेव्हापासून उतरलाय. "अहो, तुम्ही त्यांना काय सांगितलंत?" असं तिने मला समोर उभं करून विचारलं. मी म्हणालो, हो म्हणून सांगितलं, आणखी काय? ती कपाळाला हात लावून बसली आहे. बायकांना आनंद झाला तरी कपाळाला हात लावायची सवय असते.

आता तारीख काढायला लागा.

तुझा,
का. बाप

२८ जानेवारी

कुरळे,

तुझं पत्र काल आलं. अक्षर मोठं काढ म्हणालो होतो, पण एवढं मोठं नको होतं.

तुझ्यामुळे मला कळलं की त्या रविवारी माझ्या घरात, माझ्याच समोर काय बोलणं झालं. ते म्हणाले होते, "तुम्ही गप्प गप्प दिसता. हे लग्न तुमच्या मनाविरुद्ध होतंय का?" आणि मी म्हणालो, "हो, हो, अगदी!" त्यांनी विचारलं, "आमच्या मुलात काही खोट दिसली?" मी म्हणालो, "हो, म्हणजे काय!" ते म्हणाले, "मग हे इथेच थांबवलेलं बरं नाही का?" आणि मी, तुझा सख्खा बाप, हसून मान हलवत म्हणालो, "अगदी माझ्या मनातलं बोललात."

वर फाटकाशी उभा राहून हात हलवला.

तू लिहिलंस, लंबूने दोन दिवस जेवण सोडलंय आणि त्याचे बाबा त्याला म्हणतात, जिथे मुलीचा बाप तोंडावर हसत अपमान करतो तिथे नातं जोडायचं नाही. आणि शेवटी, "बाबा, तो तुम्हाला आवडला नव्हता तर मला सांगायचं होतंत." खाली कुरळी नाही, काहीच नाही. कोरा कागद.

खरं सांगू? त्यांचे प्रश्न आणि माझी उत्तरं वाचून मी आधी हसलो. दुकानात एकटाच होतो, पोट धरून हसलो. मग तुझी ती शेवटची ओळ पुन्हा वाचली. दाराला कडी लावली आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीत स्वतःच जाऊन बसलो. आरशात एक म्हातारा दिसला. त्याला म्हटलं, बाबा रे, आता सांगून टाक.

मला ऐकू येत नाही.

हे लिहायला सोपं गेलं, बोलायला जमत नव्हतं. पहिल्यांदा कात्रीचा आवाज गेला. एके दिवशी कापता कापता वाटलं, कात्री बोथट झाली, चालत नाही. बघतो तर केस खाली पडतायत. कात्री चालत होती, तिची कचकच तेवढी थांबली होती. मग रेडिओ गेला, मग फोनची घंटा, मग फोनमधली तू. तुझा आवाज नुसता पाण्यातून आल्यासारखा यायला लागला. मी हो हो म्हणायचो आणि फोन ठेवून चिडायचो. तेव्हापासून मी आंघोळीला जातो.

आरशाची युक्ती आपोआप सापडली. खुर्चीत बसलेल्याचे ओठ वाचायचे. दुकानात तर कुणाला संशयसुद्धा आला नाही, उलट मी मन लावून ऐकणारा ठरलो! घरी तुझी आई आहे. ती जमिनीवर पाय आपटते, मी वळतो, मग ती बोलते. तिला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. "मुलीला सांगा, मुलीला सांगा," म्हणून तिने माझं डोकं खाल्लंय, आणि ती ज्या कळवळ्याने बोलते ना, तिचे ओठ वाचायला चष्मा लागत नाही.

तरी सांगितलं नाही. बहिऱ्या माणसाच्या वस्तऱ्याखाली मान कोण देईल, ही एक भीती. आणि तू नोकरी सोडून आमच्यासाठी धावत येशील, ही दुसरी. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणत बसलो. ती मूठ अशी उघडली की तुझंच लग्न मोडायला आलं.

एक मागणं आहे. लंबूला सांग हवं तर, पण त्याच्या बाबांना सांगू नकोस. त्यांना "हो" मी म्हणालो होतो, तर "नाही"सुद्धा मीच म्हणणार. आईने फोन करून त्यांना दुकानावर बोलावलं आहे. सोमवारी, बंद असतं तेव्हा. विहीणबाई आधी बोलायलाच तयार नव्हत्या. तुझी आई म्हणाली, "एकदा या, खुर्चीत बसा, मग आयुष्यभर तोंड बघू नका हवं तर." येतो म्हणालेत.

लंबूला जेवायला सांग. उपाशी राहिला तर तेवढ्या उंचीवर रक्त कसं पोचणार?

बाबा

६ फेब्रुवारी

कुरळे,

तुझं उत्तर आलं आणि खाली "कुरळी" होतं. ते मी आधी पाहिलं, मजकूर नंतर वाचला. इतक्या शिव्या तू मला जन्मात दिल्या नव्हत्यास. सगळ्या पोचल्या. कानाच्या डॉक्टरकडेही जाऊन आलो. त्यांनी यंत्र मागवलंय. तरुण मुलगी आहे, तोंडावर मुसकं बांधून बोलत होती. मी म्हणालो, "बाई, तुम्हीच असं केलंत तर आम्ही जायचं कुठे?" तिने हसून ते खाली ओढलं.

आता सोमवार.

मी सकाळपासून दुकान झाडत होतो. आरसा कागदाने पुसला, खुर्चीला तेल दिलं. दोघं आली. विहीणबाई बाकावर तुझ्या आईपासून चार हात लांब बसल्या. व्याही उभेच. मी खुर्चीकडे हात दाखवला. त्यांना वाटलं असणार, हा आता माझी दाढी करून माफी मागतोय की काय. पण बसले.

मी त्यांच्या मागे उभा राहिलो. आरशात त्यांचे डोळे दिसत होते, लाल आणि दुखावलेले. खाली मिशी. ती हलायला लागली, म्हणजे ते बोलायला लागले, आणि मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणालो, "साहेब, थांबा. मला ऐकू येत नाही. मी माणसांचे ओठ वाचतो. त्यावर माझं दुकान चालतं, घर चालतं. तुमचे ओठ मी अजून पाहिलेले नाहीत. त्या दिवशी तुम्ही काय विचारलंत ते मला अक्षरही कळलं नाही. मी लाजेने हो म्हणत गेलो. माझी मुलगी म्हणते मी तुमच्या मुलाला नाकारलं. मी त्याला दोन्ही हातांनी घेतो आहे."

मिशी थांबली. मग थरथरायला लागली. आणि मला कळेना! मिशीवरून माणूस हसतोय की चिडलाय हे कसं ओळखायचं? बाकाकडे बघायची हिंमत नव्हती. मग खुर्चीच्या पाठीवरचा माझा हात हादरायला लागला. सगळी खुर्चीच गदगदत होती. व्याही हसत होते, कुरळे. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते.

मग त्यांनी काय करावं? पुढे वाकले, माझ्या वाटीतला साबणाचा फेस बोटावर घेतला आणि आरशावर लिहिलं, "मुलगा पसंत?"

मी म्हणालो, "पसंत!" बहुतेक ओरडलोच, कारण रस्त्यावरचा फुलवाला आत डोकावून गेला.

नंतर दोघी बायका अशा बोलत सुटल्या की जणू शाळेपासूनच्या मैत्रिणी. विहीणबाईंनी मिशीची सगळी कुळकथा सांगितली, आईने ती मला समोर बसून पुन्हा सांगितली. धुरात, अंधारात बंबावरची पोरं त्या मिशीवरून साहेबांना ओळखायची म्हणे. एकदा एका आगीत अर्धी जळाली, तर साहेब पुन्हा वाढेपर्यंत रजा काढून घरात बसले होते, दारसुद्धा उघडत नव्हते. मी आपलं अदबीने विचारलं, "टोकं तेवढी सारखी करून देऊ?" त्यांनी तळहाताने मिशी झाकली. मी कात्री खाली ठेवली. धंद्यातल्या माणसाला कळतं, कुठे हात लावायचा नाही ते.

जाताना त्यांनी पुन्हा फेस घेऊन आरशावर लिहिलं, "लग्न इथेच." आता आमचं बोलणं असं होणार. आरसा मी अजून पुसलेला नाही. पोस्टमास्तर विचारतात, हे काय लिहिलंय, तर सांगतो, व्याह्यांचा फोन आला होता.

तुझा,
कात्रीवाला बाप

२५ फेब्रुवारी

कुरळे,

यंत्र आलं. दोन्ही कानांत एकेक, घेवड्याच्या दाण्याएवढं. डॉक्टरीणबाईंनी चालू केलं आणि मला पहिल्यांदा ऐकू आला तो त्यांचा कागद. कागद इतका आवाज करतो हे मी विसरूनच गेलो होतो. तिथून थेट दुकानात गेलो, कोणीही नसताना कात्री उचलली आणि हवेतच चालवली. कच, कच, कच. बराच वेळ तेच करत राहिलो. रडू आलं, लपवत नाही.

घरी आल्यावर कळलं की नळ गळतो, दार करकरतं आणि तुझी आई काम करताना सारखी गुणगुणते. तेही बेसूर. मी तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, "काढा ते यंत्र!"

दुकानात मी स्वतःच सगळ्यांना सांगून टाकलं. एकही मान कमी झाली नाही. पोस्टमास्तर तेवढे जरा खजील झाले, कारण मन लावून ऐकणारा म्हणून माझी ख्याती त्यांनीच पसरवली होती.

पण यंत्र म्हणजे काही जादू नव्हे. एकटा माणूस समोर असला तर ठीक. चार माणसं एकदम बोलायला लागली की पत्र्यावर खडे ओतल्यासारखं होतं. म्हणून काल व्याह्यांकडे जेवायला निघालो तेव्हा त्यांच्या घरी आरसा असेल का, फेस कुठे मिळणार, हेच डोक्यात. तुझ्या आईने पिशवीत पाटी आणि खडू घेतला. मी माझी हत्यारांची पेटी घेतली, सवयीने.

बेल वाजवली. दार उघडलं आणि एक अनोळखी माणूस उभा.

मी म्हणालो, "माफ करा, घर चुकलं." वळलोसुद्धा. तुझ्या आईने माझी बाही धरून ओढली. मी पुन्हा पाहिलं. गाल उन्हाने रापलेले आणि नाकाखाली एक पांढरीफटक पट्टी, लहान मुलाच्या पोटासारखी मऊ, कधी ऊन न पाहिलेली. तिच्यावर दोन ठिकाणी कापलेलं आणि त्यावर चिकटवलेले कागदाचे कपटे. आणि त्याच्याखाली ओठ. चांगले मोठे, थोडे वाकडे हसणारे ओठ. तुझ्या लंबूचेच ओठ, कुरळे. पोराने कुठून घेतले ते काल कळलं.

ते ओठ हलले. "या, व्याही," म्हणाले. "आता बोलूया."

जी मिशी जळाली म्हणून हा माणूस रजा काढून घरात बसला होता, ती त्याने माझ्यासाठी उतरवली. मी मागितली नव्हती, मागितलीच नसती. शेवटी जे तोंडात आलं ते बोललो, "कुणाकडून केलीत ही? आंधळ्याकडून?"

"स्वतःच केली," ते म्हणाले. "तुमच्याकडे आलो असतो तर तुम्ही कात्री लावली नसती."

ते खरंच होतं. पण असं काम मी व्याह्यांच्या तोंडावर राहू देणार नव्हतो. जेवणाआधी त्यांना खिडकीत बसवलं, पेटी उघडली, राहिलेले खुंट काढले, तुरटी फिरवली. विहीणबाई बघायला उभ्या होत्या. म्हणाल्या, "लग्नापासून पहिल्यांदा यांचं सगळं तोंड पाहिलं. मला वाटायचं कडक आहेत. हे तर सारखे हसत असतात!" व्याह्यांनी लगेच ओठ मिटून कडक व्हायचा प्रयत्न केला. जमलं नाही. मिशीमागे किती वर्षं मजेत हसून घेतलं असेल या माणसाने.

टेबलाशी मला खिडकीच्या बाजूला पाठ करून बसवलं, म्हणजे उजेड सगळ्यांच्या तोंडावर. एकाने बोलायचं, बाकीच्यांनी थांबायचं, असा त्यांनी बंबावरचा हुकूमच सोडला. पाटी पिशवीतून निघालीच नाही. व्याही बोलतात मात्र फार. आगींच्या गोष्टी सुरू झाल्या त्या संपेचनात. मिशी होती तेव्हा मी सुखी होतो असं एकदा वाटून गेलं.

जेवणं झाल्यावर त्यांनी हात पुसले, खुर्ची सरकवून माझ्या अगदी समोर आणली आणि चेहरा उजेडात धरला. त्यांनी विचारलं, "व्याही, आमचा मुलगा तुम्हाला पसंत आहे का?"

एकेक शब्द मला लख्ख दिसला. तरी मी लगेच मान हलवली नाही. म्हणालो, "पुन्हा विचारा."

त्यांनी पुन्हा विचारलं, आणखी सावकाश. तेव्हा म्हणालो, "हो."

तू लवकर ये. समोर बस, उजेडात.

तुझा,
कात्रीवाला बाप